यात्रेचे पाहुणे आणि चंद्री : एका घराचं प्रकरण

हे प्रकरण आमच्याच घरातलं आहे. जुन्नर तालुक्यात अडीच एकर शेत, तीन दुभत्या गाई, एक कालवड, घरची पाच माणसं आणि गावच्या यात्रेला आलेले चौदा पाहुणे. साल २०२४, महिना एप्रिल. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आमची चंद्री नावाची गाय दावणीला आडवी झाली. तिला जे बाधलं ते आम्हीच तिला भरवलं होतं, आणि तेही मायेनं. मी या घरची लेक. लग्न होऊन पुण्यात राहते. त्या चौदांत मी आणि माझी मुलगीही होतो. चार दिवसांची रजा काढून गेले होते, अकरा दिवस राहिले, आणि त्या अकरा दिवसांत जे पाहिलं ते वहीत लिहून ठेवलं. घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवून, त्यांच्या होकारानं इथे मांडते आहे.

घर आणि शेत

अडीच एकर म्हणजे शंभर गुंठे, साधारण एक हेक्टर. सरकारी कागदावर आमचा दादा अत्यल्प भूधारक. त्या वर्षी एक एकरात उन्हाळी कांदा होता, तीस गुंठ्यांत मका आणि हत्तीगवत, आणि उरलेल्या तीस गुंठ्यांत टोमॅटोसाठी बेड पाडून ठेवलेले. कांदा नुकताच काढून बराखीत, म्हणजे कांदा साठवायच्या चाळीत, भरला होता. डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद होती. ती उठली मे २०२४ मध्ये. एप्रिलमध्ये भाव किलोला तेरा रुपये. दादानं ठरवलं, एवढ्यात विकायचा नाही. म्हणजे हातात येणारा पैसा फक्त दुधाचा. तिन्ही गाईंचं मिळून रोज बत्तीस लिटर, लिटरला सत्तावीस रुपये, दहा दिवसांचा पगार साडेआठ हजारांच्या आसपास. त्यातून पेंड, औषधं, किराणा, मुलांची फी. जानेवारीत सुरू झालेलं लिटरमागे पाच रुपयांचं अनुदानही मार्चमध्ये थांबलेलं होतं.

हे आकडे मुद्दाम आधी सांगितले. सोळा लिटर देणारी एक गाय आजारी पडली की अशा घराचं नेमकं काय थांबतं, ते त्याशिवाय कळत नाही.

गोठा वहिनीच्या हातात आहे. दादा बाजार, फवारणी आणि ट्रॅक्टरवाल्याचा हिशोब पाहतो, पण गाईंना काय, किती आणि कधी घालायचं हे वहिनीच ठरवते. पेंडीचं माप म्हणून तिच्याकडे तुपाचा एक जुना डबा आहे. काठोकाठ भरला की दीड किलो. प्रत्येक गाईला धारेच्या वेळी दोन डबे, चंद्रीला थोडी जास्त, कालवडीला अर्धा. नवी पेंड आणली तर ती एकदम घालत नाही. आठ-दहा दिवस जुनीत थोडी थोडी मिसळत नेते. जनावरांच्या डॉक्टरांनी तिला एकदा दाखवलं होतं की गाईच्या डाव्या कुशीत मूठ दाबून मिनिटभर थांबायचं. निरोगी गाईचं पोट मिनिटाला एक-दोनदा मुठीला बाहेर ढकलतं. धारेला बसण्याआधी वहिनी हे रोज करते, दाराला कडी लावावी इतक्या सहज. मी अकरा वर्षं माहेरी येते-जाते आहे, पण ती हे करते हे मला या वेळी पहिल्यांदा दिसलं.

पाहुणे

आमच्या भागातल्या घराघरातलं कुणी ना कुणी मुंबईला असतं. मुंबईचे डबेवाले बहुतांश याच पट्ट्यातले, जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, अकोले इथले. गावोगावच्या यात्रांसाठी मार्च-एप्रिलमध्ये ते दरवर्षी पाच-सहा दिवस डबे बंद ठेवतात आणि गावी येतात. माझ्या आत्याचे यजमान, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, तसेच डबेवाले. आता थकून घरी बसलेत. आत्या, मामा, त्यांचा मुलगा, सून आणि तीन नातवंडं. पिंपरीचा चुलतभाऊ, त्याची बायको आणि दोन मुलगे. आईची बहीण, म्हणजे मावशी. आणि आम्ही दोघी मायलेकी.

आत्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण प्रकरणाची गाठ तिथे आहे. आजोबा वारले तेव्हा सातबाऱ्यावर वारस म्हणून तिचंही नाव लागलं होतं. तिनं आमच्या वडिलांना हक्कसोडपत्र लिहून दिलं आणि एक रुपयाही घेतला नाही. साडी-चोळीवर निघाली. वडील जिवंत असेपर्यंत सांगायचे, ही जमीन अर्धी ताईच्या मायेनं राहिली. त्यामुळे आत्या आली की घरात कुणी तिच्यापुढे आवाज चढवत नाही. ती वाईट माणूस नाही, उलट फार मायाळू आहे. पण तिला ‘नको’ म्हणायची रीत आमच्या घरात नव्हतीच. वहिनी तर सून. तिनं आत्याला कधी काही नाकारल्याचं मला आठवत नाही.

चौदाही माणसं चार दिवस आधी आली. आल्या आल्या आईनं सगळ्यांना सांगितलं, ‘तुम्ही दमून आलात, बसा. यात्रेपुरते येता, कामं आमची रोजचीच आहेत.’ यात आईची माया होती, आणि पाहुण्याला कामाला लावणं म्हणजे घराचा कमीपणा, ही तिची जुनी समजूतही होती. आत्याची सून भाकरी थापायला बसली तर तिला उठवलं. मामांनी दुधाची किटली उचलली तर दादानं हातातून घेतली. मुलांना बराखीत जाऊ नका, पंपाजवळ जाऊ नका, मक्यात शिरू नका. मक्याचं बरोबरच होतं. आमच्याकडे बिबट्याची भीती खरी आहे. जखमी आणि पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे, ते उगाच नाही. दिवस मावळला की मुलं आत, हा नियम आम्ही कुणासाठी मोडत नाही. पूर्वी पाहुणे आले की अंगणात ओळीनं वाकळा पसरायच्या. आता पत्र्याच्या खोलीत दाटीवाटीनं झोपतो.

तर मुलांना करण्यासारखं एकच उरलं, गोठ्यात जाऊन गाईंना गवताची काडी द्यायची. चार दिवसांत त्यांना प्रत्येक गाईचं नाव आणि सवय पाठ झाली. चंद्री हात चाटते म्हणून तिची लाडकी. कपाळावर पांढरी चंद्रकोर, बाकी काळी, एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) संकरित, तिसऱ्या वेताची, विऊन तीन महिने झालेली.

वहिनीचा त्या दिवसांतला दिनक्रम वहीत आहे तसा देते. साडेचारला उठणं, शेण काढणं, कुट्टी, पेंड, धार. सव्वासहाला दूध डेअरीवर. मग एकोणीस माणसांचा चहा, पाठोपाठ पोहे नाहीतर उपमा. अकराला भाकऱ्या. सत्तर भाकऱ्या मी मोजल्या आहेत, दोन चुलींवर, एकीवर आई. दुपारी भांडी, धुणं. साडेतीनला मका कापून आणायचा, चारला पुन्हा कुट्टी, पाचला धार. रात्रीचा स्वयंपाक. आणि त्या आठवड्यात शेतीची थ्री फेज लाइट रात्रीची होती. साडेदहाला लाइट आली की दादाबरोबर बॅटरी घेऊन मक्याला पाणी द्यायला, कारण बिबट्यामुळे रात्री एकट्यानं कुणी जायचं नाही. परत यायला दीड-दोन. पुन्हा साडेचार. आम्ही चौदाजण त्या घरात झोपलो होतो आणि दादाबरोबर पाण्यावर जाणारी दुसरी व्यक्ती तीच होती. हे लिहिताना मला आजही वाईट वाटतं. मी सांगितलं असतं तर चुलतभाऊ गेला असता. मीही गेले असते. कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही.

यात्रेचा दिवस

सकाळी पालखी, देवाला नैवेद्य, मग घरी पुरणपोळी. पाच किलो डाळीचं पुरण शिजवलं होतं. गावातली सोयरी जेवायला येतील म्हणून जास्तच धरलं, पण दुपारी ऊन असं तापलं की निम्मी माणसं आलीच नाहीत. चारच्या सुमाराला घमेलंभर पोळ्या, पातेलंभर भात आणि मळलेल्या कणकेचा मोठा गोळा उरला.

दादा आणि पुरुषमंडळी बैलगाड्यांच्या घाटावर गेली होती. शर्यतींवरची बंदी उठून गाडे पुन्हा पळायला लागलेत, त्यामुळे घाटावर गर्दी मावत नाही. आई आणि मावशी आडव्या झाल्या होत्या. वहिनी मागच्या दारी राखेनं भांडी घासत होती. मी तिच्याशेजारी विसळत होते, म्हणून पुढचं माझ्या डोळ्यांदेखतचं आहे.

आत्या घमेलं घेऊन आली, मागून सगळी मुलं, माझीसुद्धा. म्हणाली, ‘अन्न टाकायचं नाही बाई. गाईच्या मुखी जाऊ दे.’ वहिनीनं मान वर केली. हात राखेनं भरलेले. ती म्हणाली, ‘आत्या, एकेकच द्या हां. पोळी बाधते त्यांना.’ आत्या हसून म्हणाली, ‘अगं, सणाचा घास आहे, यानं काय व्हायचंय? आमच्या वेळी बैलांना कणकेचे गोळे चारायचो.’ वहिनी एक क्षण थांबली आणि पुन्हा भांड्याला लागली. एवढंच झालं. मी काही बोलले नाही. मला वाटलं, वहिनी सहज म्हणाली असेल.

मुलांनी रांग लावली. एकेक पोळी घडी घालून चंद्रीच्या तोंडात. दावणीला ती पहिली, शिवाय लाडकी, म्हणून निम्म्याहून जास्त तिलाच गेलं. मग भात गव्हाणीत ओतला, वर कणकेचे गोळे. वीस-पंचवीस मिनिटांत घमेलं रिकामं. मुलं इतकी खूश होती की माझ्या लेकीनं संध्याकाळी वडिलांना फोन करून सांगितलं, चंद्रीनं माझ्या हातानं सात पोळ्या खाल्ल्या.

ती रात्र

संध्याकाळच्या धारेला चंद्रीनं पेंडीला तोंड लावलं नाही. वहिनीनं कुशीत मूठ दाबून पाहिली आणि मला म्हणाली, ‘ताई, पोट हलत नाहीये.’ दादाला सांगितलं. त्यानं यात्रेच्या धांदलीत, जास्त खाल्लंय, सकाळपर्यंत उतरेल, असं म्हटलं. साडेदहाला दोघं पाण्यावर गेली. जाताना वहिनीनं गव्हाणीतला उरलेला भात हातानं खरडून बाहेर काढला आणि फक्त सुका कडबा टाकला.

पावणेतीनला तिच्या हाकेनं मी जागी झाले. चंद्री उभी होती पण पाय फाकलेले, अंग डुलत होतं. दात करकर वाजवत होती. शेण पातळ, पिवळट, त्याला ताकासारखा आंबट वास. डाव्या कुशीला हलकेच हिसका दिला की आत हंड्यातलं पाणी हिंदकळावं तसा आवाज यायचा. थोड्या वेळानं तिनं पुढचे गुडघे टेकले आणि बसली ती उठेना. डोळे आत गेलेले. सोळा लिटर दूध देणारं एवढं धिप्पाड जनावर, आणि मान टाकून माझ्या पायाशी पडलेलं.

दादानं जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते दुसऱ्या गावाहून निघाले तोवर काय करायचं ते फोनवर सांगत राहिले. पेंड, दाणा, काही नको. खायचा सोडा कोमट पाण्यात विरघळवून बाटलीनं पाजा, पण तोंड उंच करू नका आणि जीभ ओढू नका, नाहीतर पाणी फुप्फुसात जाईल. ठसका लागला की लगेच तोंड सोडा. वहिनीनं पाजलं, दादानं जबडा धरला, मामांनी बॅटरी. आत्या गव्हाणीला टेकून चंद्रीच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. ती पहाटेपर्यंत हलली नाही, एक शब्द बोलली नाही.

पाचला डॉक्टर आले. शिरेतून सलाइन आणि सोड्याचं औषध, जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आणि आणखी दोन-तीन औषधं. आठच्या सुमाराला चंद्री उठून उभी राहिली. दुपारी तिनं चार काड्या कडबा चघळला. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या निरोगी गाईच्या पोटातला रस डॉक्टरांनी नळीनं काढून तिला पाजला. त्या रसातले जंतू तिच्या पोटात पुन्हा वस्ती करतात. त्यानंतर तिनं रवंथ सुरू केला. वहिनी बराच वेळ समोर बसून तिचा जबडा हलताना पाहत होती.

नेमकं काय बिघडलं होतं

डॉक्टरांनी आम्हाला नीट समजावून सांगितलं, आणि ते प्रत्येक घरात पोहोचावं असं मला वाटतं. गाय चारा स्वतः पचवत नाही. तिच्या पहिल्या पोटातले कोट्यवधी सूक्ष्मजीव तो आंबवतात. कडबा, गवत सावकाश आंबतं. गहू, भात, गूळ, पुरण झपाट्यानं आंबतं आणि त्याचं आम्ल होतं. रोजच्या चाऱ्यावर त्या पोटाचा सामू (पीएच, जितका कमी तितकं आम्ल जास्त) सहा ते सातच्या दरम्यान राहतो. एकदम पिठूळ आणि गोड पडलं की तो साडेपाचच्या खाली घसरतो, चांगले जंतू मरतात, आम्ल करणारे वाढतात, पोट थांबतं. अंगातलं पाणी पोटात ओढलं जातं, म्हणून डोळे खोल जातात. आम्ल रक्तात उतरलं की जनावर पडतं. लग्नसराईत आणि यात्रांच्या दिवसांत अशा गाई आपण नेहमी पाहतो, असं डॉक्टर म्हणाले. शिळ्या पोळ्या, उरलेला भात, गोडाचं खरकटं.

मग आत्याचं ‘आमच्या वेळी’ चुकीचं होतं का? मी तिच्याशी यावर दोन दुपारी बोलले. तिच्या लहानपणी घरी दोन गावठी गाई आणि खिल्लार बैलजोडी होती. गाई दिवसभर माळावर चरायच्या, दूध वासरू पिऊन उरेल तेवढं. दिवसाला एक पोळी, तीही सकाळचा गोग्रास म्हणून. बैलांना कणकेचे गोळे मिळायचे खरे, पण दिवसभर नांगर ओढून आल्यावर, आणि तिच्या वडिलांच्या हातून मोजून, मूठभर. तिची आठवण खरी होती. चंद्री मात्र दिवसभर बांधलेली, आधीच सहा-सात किलो पेंडीवर. तिच्या पोटात पोळ्यांना जागाच उरलेली नव्हती. हे गणित घरात एकाच माणसाला माहीत होतं. तिनं ते सांगितलंही, पण सुनेनं आत्याला सांगावं तेवढ्याच आवाजात.

दुसऱ्या दिवशीचं बोलणं

डॉक्टर गेल्यावर ओट्यावर सगळे बसलो होतो. दादा रात्रभर जागा, डोळे लाल. तो वहिनीला म्हणाला, ‘गोठा तुझ्याकडे ना? तुझं लक्ष कुठं होतं?’ सगळ्यांसमोर. वहिनी चहाची कपबशी खाली ठेवून आत निघाली. मला राग आला होता, पण माझ्या आधी आत्या बोलली.

‘तिला का बोलतोस? तिनं मला सांगितलं होतं, एकेक दे म्हणून. मी ऐकलं नाही.’

दादा गप्प झाला. आत्या पुढे म्हणाली, ‘तिनं मला हाताला धरून थांबवायला पाहिजे होतं. पण तिनं धरला असता तर तूच तिला बोलला असतास, आत्याचा हात धरते म्हणून.’

हे खरं होतं. आमच्यातल्या प्रत्येकाला ते कळलं, म्हणून कुणी उत्तर दिलं नाही. आई पदराशी चाळा करत बसली. माझ्या मते प्रकरणाचं मूळ आत्यानं त्या दोन वाक्यांत सांगितलं. गाईंची सगळी जबाबदारी वहिनीवर होती आणि त्यांच्याबाबत कुणाला अडवायची मुभा तिला नव्हती. पोळ्या निमित्त झाल्या. दुसऱ्या वर्षी पोळ्यांऐवजी मुलांनी पंपाचं बटण दाबलं असतं किंवा कुणी हौसेनं युरियाची गोणी फोडली असती, तरी ती असंच एकदा हळू आवाजात बोलली असती.

आणि दुसरी गोष्ट, जी मला पाहुणी म्हणून टोचते. आम्ही चौदा माणसं चार दिवस रिकामी बसवलेली होतो. मामांनी आयुष्यभर वेळेवर डबे पोचवले, त्यांना डेअरीची किटली उचलू दिली नाही. आत्याला गोठ्याची ओढ होती, पण गोठ्याचं काम तिला कुणी दिलं नाही. मग तिला जे आठवत होतं, तेच काम तिनं केलं.

पुढचे दिवस

दादानं त्याच रात्री चुलतभावाला बरोबर घेऊन पाणी दिलं. वहिनी नऊला झोपली. बाकी फार मोठे बदल झाले असं मी म्हणणार नाही. आत्याच्या सुनेनं न विचारता भाकऱ्यांचा ताबा घेतला, आईनं दोनदा अडवलं आणि मग सोडून दिलं. मामा सकाळ-संध्याकाळ डेअरीवर जाऊ लागले. फॅट किती लागली ते येऊन वहिनीला सांगायचे, साहेबाला हिशोब द्यावा तसं उभं राहून. मुलांना बराखीजवळ सावलीत बसवून सडके कांदे निवडायला लावले. पहिल्या दिवशी हौस, दुसऱ्या दिवशी कुरकुर, तिसऱ्या दिवशी दोघं पळाले. चुलतभावाची बायको मात्र दुखावली. सुट्टीला आलो आणि रोजगारी केलं, असं ती मावशीजवळ म्हणाली. तिचं म्हणणं मी खोडून काढत नाही. ती कंपनीत पाळीपाळीनं राबते, वर्षातून चार दिवस तिला मिळतात. सगळ्याच पाहुण्यांना काम हवं असतं असं नाही, आणि ते आधी विचारायला हवं होतं.

गोठ्याच्या भिंतीवर माझ्या लेकीनं खडूनं लिहिलं, ‘काकूला विचारल्याशिवाय काही घालू नये.’ खरं तर ती वहिनीला मामी म्हणते, पण दादाची मुलं सोडून बाकी मुलं काकू म्हणतात म्हणून तिनं तसं लिहिलं. तिला सात पोळ्यांचं कळलं तेव्हा ती दिवसभर जेवली नव्हती. वहिनीनंच तिला जवळ घेऊन चंद्रीच्या कुशीत मूठ कशी दाबायची ते शिकवलं. पाचव्या दिवशी पोट मुठीला नीट ढकलायला लागलं, तेव्हा ओरडत घरात आली तीच.

हिशोब

डॉक्टरांच्या तीन खेपा आणि औषधं मिळून तीन हजार आठशे रुपये. पहिले चार दिवस चंद्रीचं दूध डेअरीला घालायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि तसंही ते दिवसाला तीन लिटरवर आलं होतं. पहिल्या वीस दिवसांत एकूण एकशे नव्वद लिटरच्या आसपास दूध बुडालं, म्हणजे पाच हजार एकशे तीस रुपये. दोन्ही मिळून जवळजवळ नऊ हजार, दहा दिवसांचा अख्खा पगार. चंद्री त्या वेतात पुन्हा अकरा लिटरच्या वर गेली नाही. महिन्याभरानं तिचे खूर दुखू लागले, लंगडायची. हा त्याच आजाराचा मागून येणारा भाग, असं डॉक्टर म्हणाले. गाभण राहायलाही उशीर झाला.

निघताना आत्यानं पाचशेच्या दहा नोटा वहिनीच्या हातात कोंबल्या. वहिनीनं घेतल्या नाहीत. आत्यानं देवघरात ठेवल्या. दादा म्हणाला परत पाठवू, आई म्हणाली राहू दे. शेवटी त्यातून गोठ्यात खाली अंथरायची रबरी मॅट आणली, चंद्रीच्या खुरांसाठी.

२०२५ ची यात्रा

पिंपरीचा चुलतभाऊ एकटाच आला, सकाळी येऊन संध्याकाळी गेला. त्याच्या बायकोशी वहिनी फोनवर बोलली होती, पण ती आली नाही. ते अजून सुटलेलं नाही.

आत्याकडचे सातही जण आले. आत्या उतरल्या उतरल्या विचारत होती, या वेळी डाळ किती भिजवायची. अडीच किलो भिजवली. थोड्या पोळ्या उरल्या, त्या गावच्या सोयऱ्यांना बांधून दिल्या. शेतीची लाइट याही वेळी रात्रीची होती. दादाबरोबर आळीपाळीनं मामांचा मुलगा आणि मी गेलो.

दुपारी दीडला पंगत बसली होती. वहिनी आत पोळ्या भाजत होती. मामांच्या धाकट्या नातवानं ताटातली अर्धी पोळी उचलली आणि गोठ्याकडे पळाला. आतून वहिनीचा आवाज आला, गल्लीपर्यंत जाईल एवढा मोठा, ‘ए! थांब तिथं! आधी मला विचारायचं!’

तो थांबला. आईच्या शेजारी आत्या बसली होती, तिनं आमटीची वाटी पुढे ओढली. पंगतीत कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.